संगणक सुरू होत नाही? आधी फ्यूज बघा!
— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि हुमणी सोडून संगणकावर कशाला लिहावे, असे काही मंडळी म्हणतील. म्हणोत बापडी. लागणीची नोंद आता नुसत्या वहीत राहत नाही, ती गट ऑफिसच्या संगणकात जाते. आणि नोंदीच्या तारखेवर तोडीचा क्रम लागतो. ऐन नोंदीच्या आठवड्यात तो खोका सुरूच झाला नाही, की दारात सभासदांची रांग आणि आत चिटबॉयचा उतरलेला चेहरा! शिवाय पुष्कळ घरांत पोरांच्या शिक्षणासाठी संगणक आला आहे. आपल्याच सभासदांची मुले कर्ज काढून गावोगावी सेवा केंद्रे चालवतात. ठिबकचा अर्ज, सातबारा, पीक विमा सारे तिथूनच होते. म्हणजे हे यंत्र आता शेतीच्या औजारांतच जमा झाले. मग औजाराची जी निगा, ती याची का नको?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. सुरू न होणारा संगणक पुष्कळदा मेलेला नसतो, त्याचा एखादा स्वस्तातला भाग रुसलेला असतो. आणि नवा घ्यायची वेळ आलीच, तर ज्याचा एकेक भाग पुढे बदलता येईल असाच घ्यावा. दिसायला देखणा, पण सील केलेल्या डब्यासारखा संगणक शेतकऱ्याच्या घरी शोभत नाही.

विहिरीवरची मोटर उठत नाही तेव्हा आपण काय करतो? लगेच नवी मोटर आणायला तालुक्याला धावत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, आणि सगळे बघून झाल्यावरच मोटर वर काढतो. हा क्रम आपल्याला कोणी शाळेत शिकवलेला नाही. स्वस्त आणि सोपे ते आधी, महाग आणि अवघड ते शेवटी, एवढाच त्यातला हिशेब. संगणकाला हाच हिशेब लावायचा. पण मोटरीला न भिणारा गडी संगणकाची पेटी उघडायची म्हटली की दहा पावले मागे सरतो, आणि तिथेच पैसे जातात.

गेल्या पावसाळ्यात एका गट ऑफिसातला संगणक असाच रुसला. दिवा लागे, पंखा फिरे, पण पडदा काळा. दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि ‘मदरबोर्ड गेला, दुरुस्तीत पैसे घालू नका’ असा सल्ला देऊन नव्याचे दरपत्रक तिथल्या तिथे लिहून दिले. खरेदीचा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला. सही करण्याआधी आम्ही पेटी उघडायला लावली. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर पोरांचे खोडरबर हलक्या हाताने फिरवले, कोरड्या ब्रशने खाच झाडली आणि पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत दोन्ही टोकांना दाबून बसवली. संगणक सुरू! दमट हवेने आणि धुळीने संपर्क सुटला होता, दुसरे काही नाही. सगळेच दुरुस्तीवाले असे असतात असे आमचे म्हणणे नाही. चांगले कारागीर आहेत आणि त्यांची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे. पण काय बघितले, हे त्यांना विचारण्याइतके तरी ज्ञान आपल्यापाशी हवे.

तेव्हा क्रमाने बघू. बटण दाबले आणि काहीच झाले नाही, ना दिवा ना पंखा, तर गोष्ट विजेची समजावी. त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून वीज येते का बघा. मागची जाड केबल हलवून घट्ट बसवा. पेटीच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, एक छोटे बटण असते. झाडलोट करताना ते दाबले गेलेले आम्ही अनेकदा पाहिले आहे. युपीएस मधून काढून थेट भिंतीवरून जोडून पाहा. तेवढ्यानेही जमले नाही, तर केबल काढून चालू करायचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, मग केबल लावून पुन्हा प्रयत्न करा. आत अडकलेला भार उतरून पुष्कळदा काम होते. याउपर एसएमपीएसचा संशय. ज्यांच्याकडे मल्टीमीटर आहे आणि वापरता येतो, त्यांनी पिवळ्या तारेवर १२, तांबड्यावर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात का ते जाणकारासमोर बघावे. मात्र तो डबा कोणीही उघडू नये. मोटरीच्या कपॅसिटरसारखा त्यातला कपॅसिटरही वीज बंद केल्यावर भार धरून बसतो आणि हाताला चांगलाच हिसका देतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा, हा दुसरा प्रकार, आणि गाडी अडते ती बहुधा इथेच. आधी मॉनिटरची स्वतःची वीज आणि केबल बघा. पेटीत वेगळे ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावायची असते, शेजारच्या दुसऱ्या भोकाला नव्हे. मग वर सांगितलेला रॅमचा उपचार. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहा, म्हणजे खराब कोणती ते कळते. नव्या डीडीआर ५ रॅमचे संगणक पहिल्या वेळी सुरू होताना काही मिनिटे नुसतेच काळे राहतात. ती रॅम जुळवून घेत असते. घाबरून मध्येच बंद करू नका. काही पेट्या सुरू होताना पी-पी असा आवाज करतात, तोही मोजून ठेवा. किती लांब, किती आखूड यावरून कारागिराला दोष कळतो.

पेटी उघडताना केबल काढलेली असावी आणि हात आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे विशेष पाळावे.

मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी गोल बॅटरी असते, नाव सीआर २०३२, तीन व्होल्टची. ती संपली की संगणक तारीख-वेळ विसरतो. तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांचे सुरक्षेचे प्रमाणपत्र तारखेशी ताडले जाते. मग लोक इंटरनेटवाल्याला शिव्या देतात! कधी कधी बॅटरीबरोबर आतल्या मांडणीही पुसल्या जातात आणि ‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश येतो. एवढीशी बॅटरी घड्याळजीकडेही मिळते.

हा डिस्कचा संदेश आला तर आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा. संगणक त्यातूनच सुरू व्हायला बघत असतो. मग डिस्कची केबल दाबा. पण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहिल्याने उरलेली माहितीही जाते. यंत्र नवे मिळते. सेवा केंद्रातल्या लोकांचे अर्ज आणि पोरीचा प्रकल्प बाजारात विकत मिळत नाही. महिन्यातून एकदा सगळे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. आपण बेणेमळा वेगळा राखतो तो कशासाठी?

सुरू होऊन दहा मिनिटांनी बंद पडणारे यंत्र उष्णतेने गुदमरलेले असू शकते. आपला भाग कारखान्याचा. हंगामात चिमणीची काजळी आणि भुसा हवेत असतो, तो पंख्यात जाऊन बसतो. हंगामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा पेटी झाडावी. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरावे, गरगर फिरू देऊ नये. मागच्या रिकाम्या फटी पत्र्याने बुजवाव्यात, नाहीतर पाली आत घर करतात.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार वस्तीवरच्या घरांतून हटकून येते. तो दोष संगणकाचा नव्हे, अर्थिंग नसल्याचा. तिसऱ्या पिनीची तार भिंतीत नुसतीच लोंबत असते. खड्डा घेऊन, कोळसा-मीठ घालून, वायरमनकडून नीट अर्थिंग करून घ्या. वस्तीवरचा दाब कधी चढतो, कधी उतरतो. एसएमपीएस जळण्यामागे हे कारण आम्हाला वारंवार दिसले आहे. युपीएस ही चैन नव्हे.

आता खरेदीकडे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा सोय लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. त्यामुळे ‘तुमचा संगणक भंगार झाला’ असे सांगत फिरणारे बरेच भेटतील. आधी तपासा. टीपीएम पुष्कळ यंत्रांत असतो, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. यंत्र पात्र असेल, पण रखडत चालत असेल, तर त्यात एसएसडी आणि आणखी एक रॅमची पट्टी घाला. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की सुरू व्हायला लागणारा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर येतो. चांगल्या लागणीच्या खोडव्याला नांग्या भरून खत-पाणी दिले तर तो पीक देतोच. चांगला खोडवा मोडून कोणी नवी सरी पाडत नाही. मात्र गवताळ वाढ झालेला खोडवा राखूही नये. पात्र नसलेल्या यंत्रावर बँकेचे आणि सेवा केंद्राचे काम करू नका. त्यावर लिनक्स घालून मुलांच्या टायपिंगला द्या.

नवा घ्यायचा तर दुकानदाराला चार-पाच गोष्टी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. रॅमच्या खाचा किती, त्यातली रिकामी किती? रॅम डीडीआर ४ की ५? एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही, हे ध्यानात ठेवा. एसएसडीसाठी एम.२ ची जागा आहे का आणि जोडीला साध्या डिस्कची केबल लावता येते का? एसएमपीएस नेहमीच्या मापाचा, बाजारात कुठेही मिळणारा आहे का? हा प्रश्न लोक विसरतात. काही तयार पेट्यांत डबा आणि जोडण्या त्याच कंपनीच्या मापाच्या असतात. तो जळला की त्याच कंपनीची वाट बघत बसा. आणि स्वस्तातल्या डब्यावर ४५० वॅट लिहिले म्हणून तो ४५० वॅट देतो असे नाही, हे खताच्या पोत्यावरचे आकडे वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

मॉनिटर आणि पेटी एकातच असलेले यंत्र टेबलावर छान दिसते. पण त्याचा पडदा गेला की सगळेच गेले. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते. घेताना जेवढी, तेवढीच जन्मभर. मुलगा वसतिगृहात राहत असेल तर लॅपटॉप घ्यावाच लागेल, आणि भारनियमनात त्याची बॅटरी उपयोगी पडते हेही खरे. मग निदान रॅमची एक मोकळी खाच असलेला बघा.

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या विरुद्ध सांगतो. ‘पुढे प्रोसेसर बदलता येईल’ म्हणून आजच महागडा बोर्ड गळ्यात मारतील. एएमडीचे एएम ४ सॉकेट २०१६ साली आले आणि त्यावर पुढे अनेक वर्षे नवे प्रोसेसर बसत राहिले, २०२२ चे एएम ५ ही पुढे चालणार असे त्यांनी जाहीर केले आहे. इंटेलचे सॉकेट त्या मानाने लवकर बदलतात. पण घरगुती वापरात प्रोसेसर बदलणारा माणूस आम्हाला क्वचितच भेटला. लोक बदलतात ते रॅम, डिस्क आणि एसएमपीएस. तेवढ्याची सोय बघा, बाकीच्या स्वप्नांना जादा पैसे देऊ नका. प्रोसेसर मधल्या दर्जाचा घ्या, रॅमची एक खाच मोकळी ठेवा.

कारखान्याच्या गट ऑफिसांच्या खरेदीलाही हाच नियम लागावा, असे आम्ही सुचवले आहे. सगळ्या गटांत एकाच जातीच्या पेट्या असाव्यात, म्हणजे एकाचा एसएमपीएस दुसऱ्याला चालेल, आणि दोन एसएमपीएस, चार रॅमच्या पट्ट्या, डझनभर बॅटऱ्या स्टोअरला शिलकीत ठेवता येतील. संचालक मंडळाने जरूर विचार करावा. जुन्या पेट्या लिलावात काढण्याआधी त्यातली रॅम काढून घ्यावी, कारण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भलतेच चढले. आणि डिस्क मात्र पुसल्याशिवाय कोणाच्या हाती जाऊ नये. त्यात तुमची बँक खाती आहेत.

नोंदी सुरू होण्याआधीच्या पंधरवड्यात प्रत्येक गट ऑफिसातली पेटी उघडून साफ करायची आहे. ज्यांना बघून शिकायचे असेल त्या सभासदांनी किंवा त्यांच्या मुला-मुलींनी आपल्या गटाच्या मदतनिसाकडे नाव द्यावे. येताना खोडरबर आणि बारीक ब्रश आणावा, स्क्रू-ड्रायव्हर आमच्याकडे आहेत.