कायदा झाला, पण पळवाट उरली

इंग्लंड आणि वेल्समध्ये शिकारी कुत्र्यांची झुंड सोडून कोल्ह्याची शिकार करण्यावर १८ फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे. तरीही वीस वर्षांनंतर तिथे हाच वाद धुमसतो आहे. हे असे का, याचा विचार आपण केला पाहिजे.

ही बंदी सहजासहजी आली नाही. लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने ती मंजूर केली, तर उमरावांच्या वरिष्ठ सभागृहाने अडवून धरली. शेवटी विशेष कायद्याचा आधार घेऊन २००४ मध्ये ती संमत करावी लागली. २००२ मध्ये बंदीविरोधात लंडनमध्ये सुमारे चार लाख लोक रस्त्यावर उतरले होते. परंपरा, गावाकडचा रोजगार, कोंबड्या-कोकरांचे रक्षण, अशी त्यांची कारणे होती. दुसरीकडे, सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीने २००० मध्येच सांगितले होते की या शिकारीत कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा पोहोचते.

बंदीनंतर पुढे आले 'ट्रेल हंटिंग'. म्हणजे प्राण्याचा वास आधी जमिनीवर पसरवायचा आणि कुत्रे त्या मागावर सोडायचे. कुत्र्यांना खरा कोल्हा सापडला, की 'अपघात झाला' म्हणायचे! शिकारीचा हेतू सिद्ध करणे पोलिसांना जड जाते. वास्तविक, कृत्रिम वासामागे कुत्रे धावण्याचा 'ड्रॅग हंटिंग' हा प्रकार तिथे पूर्वीपासून आहे. घोडदौड आणि रोजगार एवढेच हवे असेल, तर तो पुरेसा आहे. मग प्राण्याच्याच वासाचा आग्रह कशासाठी? आमच्या मते खरा प्रश्न हाच आहे.

स्कॉटलंडने २००२ च्या आपल्या कायद्यातील उणीव ओळखून २०२३ मध्ये ट्रेल हंटिंगही बंद केले. मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात तसेच आश्वासन दिले. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र अजूनही बंदी नाही.

प्राणिहिंसेपासून दूर राहणे हे आपले पहिले शील आहे. 'परंपरा आहे' म्हणून अन्याय चालू ठेवण्याचा युक्तिवाद आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. हक्कांचे रक्षण केवळ कायद्याने होत नाही, त्यामागे समाजाची नैतिक जाणीव उभी असावी लागते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. म्हणून कार्यकर्त्यांनी कायदा संमत होताच जल्लोष करून घरी परतू नये. त्यातली पळवाट कुठे आहे आणि ती कोण वापरतो, यावर लक्ष ठेवणे हेही आंदोलनच आहे.