अंदाज आणि आकडा

उधमपूर-श्रीनगर-बारामुल्ला या २७२ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची अखेरची कडी ६ जून २०२५ रोजी जुळली. चिनाबवरील ३५९ मीटर उंचीच्या पुलाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र १९९४-९५ मध्ये सुमारे अडीच हजार कोटींत मंजूर झालेला प्रकल्प ४३ हजार कोटींच्या पुढे गेला, याची म्हणावी तशी चर्चा संसदेत झाली नाही.

या वाढीत तीन दशकांची महागाई आहे, बारामुल्लापर्यंतचा विस्तार आहे, सुरक्षेचा खर्चही आहे. तरी सारे खापर त्यांच्यावर फोडता येणार नाही. कटरा ते काझीगुंड या टप्प्यात डोंगराच्या पोटात काय दडले आहे, हे आखणीच्या वेळी कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. जेथे पायवाटही धड नाही, तेथे वेधनयंत्र न्यायचे कसे? आणि बोगदा माथ्यापासून शेकडो मीटर खाली असेल, तर चार-दोन छिद्रांतून खडकाची खात्री ती काय होणार? २००८ मध्ये या टप्प्यावरील काम थांबवून आखणीचा फेरविचार करावा लागला. ई. श्रीधरन यांच्यासारख्या जाणत्या अभियंत्याने तर मूळ आखणीवरच आक्षेप घेतला. भूगर्भीय तपासणी अपुरी असताना कामे हाती घेतल्याबद्दल महालेखापरीक्षकांनीही ठपका ठेवला. या मार्गाचा काही भाग उभारणाऱ्या कोकण रेल्वेला हा अनुभव नवा नव्हता. पेडण्याच्या बोगद्यातील मऊ मातीने तिलाही पुरते जेरीस आणले होते.

प्रारंभी माहिती अपुरी असणे हा अभियंत्याचा दोष नव्हे. दोष आहे तो मंजुरीच्या पद्धतीत. क्षेत्रीय अभियंता ‘सर्वेक्षण प्राथमिक स्वरूपाचे’ असा शेरा मारतो. फाइल दोन टेबले ओलांडते तोवर तो शेरा परिशिष्टात जातो आणि मंत्रिमंडळापुढील टिपणात उरतो तो एकच, ठाम आकडा. पुढे त्याच आकड्यावर निविदा निघतात, मुदती जाहीर होतात आणि खडकाने दगा दिला की जाब त्याच अभियंत्याला विचारला जातो. मग पुढच्या वेळी तो शेरा लिहीलच कशाला?

टिपणात किमान, संभाव्य आणि कमाल असे तीन आकडे असावेत. प्रत्यक्ष तपासणी किती लांबीची झाली आणि उरलेले तर्काने कसे भरले, हेही त्यात नमूद असावे. तपासणीसाठीचा निधी आधी व स्वतंत्रपणे मंजूर व्हावा. कमाल आकडा दाखविल्यास प्रकल्पच बारगळेल, अशी भीती मंत्रालयांत खासगीत बोलून दाखविली जाते. काश्मीरच्या बाबतीत तरी ती निराधार म्हणावी लागेल; २००२ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प ठरलेला हा मार्ग राजकीय निर्धारावर उभा होता, स्वस्ताईवर नव्हे.

ऋषिकेश-कर्णप्रयाग मार्गाचे १२५ किलोमीटरपैकी शंभराहून अधिक किलोमीटर बोगद्यांतूनच जातात. रेल्वेविषयक स्थायी समितीपुढे अनुदानाच्या मागण्या दरवर्षी येतात. तेथे एखाद्या सदस्याने आकड्यामागील तपासणीचा तपशील मागितला, तर तो देणे रेल्वे मंडळाला भाग पडेल.