सीलिअॅक आणि शीतपेये : संशय रंगावर, दोष माल्टचा

सीलिअॅक या आजारात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे अंगी लागेनाशी होतात. उपाय एकच, आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य. पथ्य इतके कडक असल्यामुळे त्याच्याभोवती शंकांचे रानही माजते, आणि कोलाची बाटली त्या रानात बरीच वर्षे अडकून पडली आहे.

कोला वर्ज्य मानणाऱ्यांचे म्हणणे असे : तपकिरी रंग कॅरॅमलचा, कॅरॅमल जवाच्या माल्टपासून किंवा गव्हापासून होतो, म्हणून कोलात ग्लुटेन असणारच. हा आक्षेप अगदी हवेतला नाही. अमेरिकेच्या नियमांत कॅरॅमल रंगासाठी चालणाऱ्या कच्च्या मालाच्या यादीत माल्टचा पाक आहे. युरोपात ग्लुकोज सिरप गव्हाच्या स्टार्चपासूनही काढतात. पण यादीत नाव असणे आणि तो पदार्थ बाटलीत असणे, या दोन गोष्टी निराळ्या. अमेरिकेत हा रंग बहुतेक मक्याच्या साखरेपासून होतो. गव्हापासून झाला तरी स्टार्च आधी प्रथिनापासून वेगळा केला जातो, मग त्याची साखर होते आणि ती शुद्ध केली जाते. फिनलंडमध्ये सीलिअॅकच्या 90 रुग्णांना 24 आठवडे गव्हापासूनचे ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा तुलनेसाठी नुसता निष्क्रिय पदार्थ देऊन पाहिले गेले. 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि आतड्याला त्या दोन्ही पदार्थांचा अपाय दिसला नाही. युरोपीय संघाने गव्हाच्या ग्लुकोज सिरपला अॅलर्जीच्या सक्तीच्या सूचनेतून वगळले आहे, ते अशाच परीक्षणानंतर.

हिशेब मांडला की भीती आणखी उतरते. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्याची मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे, भारतातही तीच. एखादा कोला अगदी या मर्यादेला टेकला असे धरले, तरी 300 मिलिलीटरच्या बाटलीतून 6 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जाईल. इटलीतल्या एका चाचणीत रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर आतड्याची हानी दिसली होती. गव्हाच्या एका पोळीत दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असते, म्हणजे हे 50 मिलिग्रॅम पोळीच्या सुमारे पन्नासाव्या तुकड्यातच मिळतात. पोळपाटावरची पिठी इथे बाटलीपेक्षा जास्त घातक ठरते.

दुसरा आक्षेप अनुभवाचा : कोला प्यायला की पोट फुगते, म्हणजे त्यात ग्लुटेन आहे. पोट फुगायला कार्बन डायऑक्साइड पुरेसा आहे. शिवाय निदान नुकतेच झालेले असताना दुधातली साखर पचवणारे आतड्यातले विकर कमी पडते, म्हणून मिल्कशेक किंवा थंड कॉफीने जुलाब होतात, त्याचेही खापर ग्लुटेनवर फुटते. पथ्याने अस्तर सावरले की हा त्रास बहुधा ओसरतो.

तरी ग्लुटेन नसणे म्हणजे हितकर असणे नव्हे. साध्या कोलात 100 मिलिलीटरमागे दहा ग्रॅमच्या वर साखर असते, आणि आम्लही. लहानपणी सीलिअॅक झालेल्यांच्या दातांचे कवच अनेकदा घडतानाच कच्चे राहिलेले असते. त्यावर आम्ल आणि साखर यांचा मारा रोज होणे बरे नाही. हा मुद्दा शीतपेयांविरुद्धचा सर्वांत भक्कम आहे. चमत्कार असा की कोला वर्ज्य ठरवणारे तो क्वचितच मांडतात.

आता उलट टोकाचा पक्ष : पातळ पेयात कसले आले ग्लुटेन, सगळी पेये सुरक्षित. हे मत पहिल्यापेक्षा जास्त महाग पडते. रशियातला क्वास राईच्या पावापासून आंबवतात. ब्रिटनमधल्या बार्ली वॉटरमध्ये जवच असतो. माल्टची बिनदारूची पेये, शून्य टक्के बिअर, दुधात ढवळायच्या माल्टच्या पावडरी, या सगळ्यांत जव थेट आहे. शिवाय आंबवताना प्रथिनाचे तुकडे होतात आणि नेहमीच्या चाचणीत ते नीट पकडता येत नाहीत. त्यामुळे अशा पेयाचा आकडा कमी आला तरी त्यावर विसंबता येत नाही. वेष्टनावर ‘माल्ट’, ‘बार्ली’, ‘जव’ किंवा ‘सातू’ दिसले की ते पेय वर्ज्य. भारतात ग्लुटेनयुक्त धान्याचा उल्लेख वेष्टनावर करणे सक्तीचे आहे, तेव्हा बाटली फिरवून बारीक अक्षरे वाचणे हाच खरा मार्ग. रंगाकडे बघून काही कळत नाही.

महाराष्ट्रात खरी मेख हिंगात आहे. कोकम सरबत, पन्हे, लिंबू सरबत, नारळपाणी, उसाचा रस यांत मुळात ग्लुटेन नाही. पण मसाला ताक आणि जलजिरा यांत हिंग पडतो, आणि डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो. झाडाचा चीक डिंकात आणि पुष्कळदा मैद्यात मळून तो तयार केलेला असतो. ताकाच्या एका पेल्यात जाणारे प्रमाण किरकोळ, पण तीच चिमूट वरणाच्या फोडणीत, भाजीत, लोणच्यात पडते आणि दिवसाअखेर बेरीज होते. तांदळाच्या पिठातला हिंग दुकानात मिळतो. घरात तो आणला की ताकाचा प्रश्न मिटतो. गाडीवरच्या जलजिऱ्यासाठी मात्र मसाल्याचे पाकीट दाखवायला सांगावे लागते, आणि ते नसेल तर शेजारचे शहाळे घ्यावे.