लहैनाचा न वाजलेला भोंगा

हवाई बेटांपैकीं माउई बेटावरील लहैना हें जुन्या राजधानीचें गांव ता. ८ आगस्ट २०२३ रोजीं वणव्यांत जळून गेलें. १०२ माणसें प्राणास मुकलीं व दोन हजारांहून अधिक इमारतींची राख झाली. मागें आग व पुढें समुद्र अशा पेंचांत सांपडलेल्या कित्येकांनीं मुलाबाळांसह पाण्यांत उड्या टाकिल्या, व मदत येईपर्यंत तासन्‌तास ते धुरांत गुदमरत पाण्यांतच राहिले. ह्या हकीकती वाचून 'देव तारी त्याला कोण मारी' असें म्हणून स्वस्थ बसणारे गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्हांस ही स्वस्थता घातुक वाटते.

हवाई बेटांत धोक्याचे सुमारें ४०० भोंगे आहेत, व ते दरमहा वाजवून तपासण्यांत येतात. त्या दिवशीं मात्र लहैनांत एकही वाजला नाहीं. संकटनिवारण खात्याच्या मुख्याधिकाऱ्यांचा खुलासा असा कीं, भोंगा ऐकून लोक समुद्राची लाट आली असें समजून डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच तोंडीं, धांवले असते. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं राजीनामा दिला. खुलासा अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु भोंग्याचा लोकांनीं एकच अर्थ घ्यावा अशी स्थिति इतकीं वर्षें कां राहूं दिली, ह्याचें उत्तर त्यांत नाहीं.

आगीचें मूळहि दैवांत शोधण्याचें कारण नाहीं. सकाळीं वाऱ्यानें विजेची तार तुटून गवत पेटलें. तें विझलें असें समजून बंब परत गेले, व दुपारीं तीच आग पुन्हां भडकली, असें २०२४ सालच्या सरकारी चौकशींत ठरलें. आणि गवत आलें कोठून? तेथील साखर कारखाना १९९९ सालीं बंद पडला, ऊंसाचीं शेतें ओसाड झालीं व त्यांवर परदेशी गवत माजलें. जमीन हवी, पण तिची निगा राखण्याचा खर्च नको, ही वृत्ति आमच्या व्यापारी वाचकांस अपरिचित नसावी. पुढें भरपाईची तडजोड सुमारें ४ अब्ज डॉलरांवर गेली. गवत कापण्यास इतके पडले नसते.

१८७३ सालीं हिंदुस्थानांतून नेऊन लहैनांत लाविलेला वड ह्या आगींत होरपळला व कांहीं आठवड्यांनीं त्यास पुन्हां पालवी फुटली. वर्तमानपत्रांनीं त्याचें फार कौतुक केलें. करावें, पण वडास पळतां येत नाहीं, माणसांस येत होतें.

आपल्याकडील अनेक नगरपालिकांचा भोंगा घड्याळें लावण्यापुरताच वाजतो. संकटाचे वेळीं तो कसा वाजेल, व तो ऐकून कोणत्या रस्त्यानें कोठें जावयाचें, हें प्रत्येक वॉर्डांत लेखी कळवावें. आणि वर्षांतून एकदां तरी म्हाताऱ्याकोताऱ्यांस व पोरांस घेऊन सर्वांनीं त्या जागेपर्यंत चालून पाहावें. त्यास एक सकाळ पुरेल.