शिक्षा : एक शब्द, दोन घरे

एम्सजवळच्या आमच्या साकेत नगरात मराठी घरी वाढणाऱ्या मुलाला एका शब्दाचे कोडे फार लवकर पडते. शाळेच्या फलकावर, सरकारी पत्रावर ‘शिक्षा’ म्हणजे विद्या. घरी आजीने ‘शिक्षा करीन हं’ म्हटले की तोच शब्द अंगावर धावून येतो. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे. सहा वेदांगांपैकी एकाचे ते नावच आहे. मराठीने मात्र तिच्या हाती छडी दिली.

याचे स्मरण झाले ते एका शेजाऱ्यांमुळे. ते मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडील. गेल्या वर्षी त्यांचा तरुण मुलगा गेला. समाचारास आलेल्या कोणा गृहस्थाने त्यांना ऐकविले, की देवाचे ज्यावर प्रेम, त्यालाच तो शिक्षा करतो. बायबलातच तसे आहे. ते मला म्हणाले, “गुरुजी, तुम्ही मराठीचे एम्.ए. हा शब्द इथे बरोबर आहे का?”

मी घरी येऊन पुस्तके काढली. ते वचन नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या 12व्या अध्यायातले. त्याचे मूळ जुन्या करारातील नीतिसूत्रांत. ग्रीक शब्द ‘पायदेइया’. तो ‘पाइस’, म्हणजे मूल, यावरून आला. अर्थ मुलाला वाढविणे, वळण लावणे. त्यात शासन आहेच, ते झाकण्याचा मला अधिकार नाही. पण ती मागच्या अपराधाची वसुली नव्हे. शिवाय ते पत्र श्रद्धेपायी छळ सोसणाऱ्यांना धीर देण्यासाठी लिहिलेले. सुखवस्तू माणसाने दुःखिताच्या दारी म्हणून दाखविण्यासाठी नव्हे. ईयोबाला ‘हे तुझ्याच पापाचे फळ’ म्हणणाऱ्या मित्रांवरच देव अखेरीस रागावतो, हे त्या गृहस्थाच्या वाचनात आले नसावे.

मीही नोकरीच्या आरंभी वही न आणणाऱ्या एका मुलाला छडी मारली होती. घरी वहीला पैसे नव्हते, हे मागाहून कळले. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस बंदी केली. माझ्या डोळ्यांपुढून तो तळहात अद्याप हललेला नाही. ती माझी पायदेइया नव्हती, चीड होती.

पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळातल्या भटकंतीत गेली; पुढे 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. उपाशी मुलींना ‘हे देवाचे शासन’ असे सांगून त्या परतल्या नाहीत. त्यांना सोबत घेऊन केडगावला गेल्या. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी अखंड बायबल मराठीत आणले. त्या कामाच्या अखेरच्या टप्प्यात, 1921 मध्ये, एकुलती एक मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी त्या स्वतः.

हे सारे मी शेजाऱ्यांना सांगितले, व्युत्पत्तीसह. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे तो मला काही शिकवतो आहे, असेच ना? मला इतक्यात काही शिकायचे नाही, गुरुजी.”

मी पुस्तक मिटले. वहिनींनी चहा आणला. मुलाच्या खुर्चीवर कोणी बसत नाही, म्हणून मी पलंगाच्या कडेलाच बसून राहिलो.