आमचे मत भावकीबाहेर का?



बाजार समितीच्या निवडणुकीत सोसायटी गटातून आमच्या सख्ख्या चुलतभावाचा अर्ज आहे. विकास सोसायटीचे संचालक म्हणून आम्हाला मत आहे, आणि ते शेजारच्या गावच्या उमेदवाराला जाणार आहे. जिल्हा बैठकीत विचारणा होते, "भाऊ, घरचा माणूस का सोडला?" उत्तर देणे आमचे काम आहे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली. कांद्याचे रोख पैसे थांबले, हातात चेक पडू लागले. आमच्या लाल कांद्याचा चेक दोनदा बँकेत टाकला, दोनदा परत आला. मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते झाले पाहिजेत, असे बाजार समितीचा कायदा सांगतो. समितीच्या कार्यालयात सांगितले, "व्यापाऱ्याला भेटा." व्यापारी म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या." चुलतभाऊ तेव्हा समितीवर संचालक होते. "उगाच वाईटपणा नको," एवढेच ते बोलले.

आज आम्ही ज्यांच्या बाजूने आहोत, त्यांचा तेव्हा एक रुपयाही अडकलेला नव्हता. तरी गावोगाव फिरून त्यांनी लोकांच्या काटापट्ट्या, हिशोबपट्ट्या, परत आलेले चेक यांची नोंद वहीत केली. लिलावाच्या दिवशी ती वही घेऊन ते समितीच्या पायरीवर बसत. आमचे पैसे सात महिन्यांनी सुटले. तोवर मुलीचे लग्न वर्षभर पुढे गेले होते. ते नुकसान कोणी भरून देणार नाही. पण माणूस कळला.

ते संघटनेचा बिल्ला लावत नाहीत. खुल्या बाजाराच्या प्रश्नावर त्यांचे-आमचे पटत नाही. हे आम्ही लपवत नाही.

समितीवर शेतकऱ्यांच्या बाजूचे १५ संचालक जातात : सोसायटी गटातून ११, ग्रामपंचायत गटातून ४. शेतकऱ्याला २०१७ साली थेट मताचा हक्क मिळाला, २०२० साली तो काढून घेण्यात आला. २०२३ सालच्या निवडणुका सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्याच मतांवर झाल्या. ज्याची ट्रॉली रात्रभर रांगेत उभी, तो मतदार यादीत नाही. म्हणून आमच्या हातातले मत आमचे एकट्याचे नाही. सोसायटीच्या प्रत्येक सभासदाचा माल त्यामागे उभा आहे. ते भावकीत वाटून टाकण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

शेतकऱ्यांचे पैसे थकवणाऱ्यांची यादी दरमहा समितीच्या फाटकावर लावायची, हे आमच्या उमेदवारांनी बैठकीत सर्वांसमोर कबूल केले आहे. निवडून येऊन विसरले, तर त्यांचे नाव याच पानावर छापू.

चुलतभावाला हे सारे आम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगितले. चहा मिळाला नाही. चालायचेच.

ज्यांना मत आहे, त्यांनी जाण्यापूर्वी घरातली एक जुनी हिशोबपट्टी काढून वाचावी. ज्यांना नाही, त्यांनी आपल्या संचालकाच्या दारात जाऊन विचारावे : आमचे मत कोणाला देतोस?