बुजविलेले तळघर

ब्रिटनमधील लहान संगीतगृहांना उतरती कळा लागली आहे. एकट्या २०२३ साली अशा १२५ ठिकाणचे गाणेबजावणे थांबले, असे या गृहांसाठी झटणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने नोंदविले. भव्य मैफलींच्या तिकिटांवर अल्पसा अधिभार बसवून ती रक्कम या लहान जागांकडे वळवावी, अशी शिफारस संसदीय समितीने २०२४ साली केली. सरकारने मान डोलावली, पण अधिभार आयोजकांच्या मर्जीवर सोडला. ही मर्जी किती काळ टिकेल, हा प्रश्न आहे. आणि ती टिकली नाही तर काय हरपते, हे लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबच्या इतिहासावरून पाहता येते.

मॅथ्यू स्ट्रीटवरील एका गुदामाखालच्या तळघरात १६ जानेवारी १९५७ रोजी अ‍ॅलन सिटनर यांनी पॅरिसच्या धर्तीवर हा जाझ क्लब काढला. विटांच्या कमानींचे तीन चिंचोळे बोगदे, उतरायला दगडी पायऱ्या, आणि हवा खेळण्याची सोय जवळजवळ नाहीच. भिंतींवरून ओल ओघळत असे. मद्याचा परवाना नव्हता. चहा, कॉफी, सूप आणि पाव एवढ्यावर भागे. दुपारच्या सुटीत आसपासच्या कचेऱ्यांतले कारकून, टंकलेखिका, दुकानांतल्या मुली तेथे धाव घेत व घटकाभर गाणे ऐकून पुन्हा टेबलाशी बसत. तो कोंदट वास कपड्यांना चिकटून येई, तेव्हा सुटी कोठे घालविली हे साहेबांना विचारावे लागत नसावे.

अशाच एका दुपारी, ९ फेब्रुवारी १९६१ रोजी, बीटल्स तेथे प्रथम वाजविते झाले. पुढील अडीच वर्षांत ते पावणेतीनशेच्या आसपास वेळा त्या कमानींखाली उभे राहिले. आपल्याकडे गवई जो रियाझ बंद खोलीत करतो, तो या पोरांनी चार पैशांच्या तिकिटात, टोकणाऱ्या श्रोत्यांसमोर केला. शिवाय ते एकटे नव्हते. शहरात अशी शेकडो टोळकी होती. कलाशाळेतल्या बिल हॅरी या तरुणाने १९६१ साली त्यांच्यासाठी 'मर्सी बीट' हे वृत्तपत्रच काढले. क्लबात कोट सांभाळणारी मुलगी पुढे सिला ब्लॅक या नावाने गाजली. अशा गर्दीतूनच एखादे नाव वर येते. वर आलेले नाव तेवढे जगाला दिसते.

त्या जागेचे पुढे काय झाले? मलनिःसारणाच्या दुरुस्तीचा खर्च न झेपल्याने फेब्रुवारी १९६६ मध्ये दिवाळे निघाले. जुलैत पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या हस्ते नव्याने उद्घाटन झाले, फोटो निघाले. १९७३ साली मात्र भुयारी रेल्वेच्या वायुवीजन-विवरासाठी जागा हवी म्हणून क्लब हटविला, गुदाम पाडले, तळघर बुजविले. जन्मभर हवेला मुकलेल्या तळघराचा बळी हवेच्या नावाने गेला. आणि ते विवर तेथे कधी खोदलेच गेले नाही! १९८४ साली जुन्याच काही विटा वापरून तेथे नवे कॅव्हर्न उभारण्यात आले. आज प्रवाशांची रीघ लागते आणि शहराला उत्पन्न मिळते.

स्मारकातून मिळणारे हे उत्पन्न गोड आहे, पण १९६१ ची ती दुपार त्यातून परत येणे नाही. आजच्या लहान गृहांपैकी बहुतेकांना जागा स्वतःची नाही. भाडे वाढते, शेजारी नव्या सदनिका होतात आणि आवाजाच्या तक्रारी सुरू होतात. २०१८ पासून अशा तक्रारींच्या निवारणाचा भार नव्याने बांधणाऱ्यावर टाकणारे तत्त्व इंग्लंडच्या नियोजन धोरणात आले, ते योग्यच झाले. भाडेकराराचा प्रश्न त्याने सुटत नाही. २०२३ साली ट्रस्टच्या पुढाकाराने लोकांनी भागभांडवल जमवून अ‍ॅथर्टन गावातील 'द स्नग'ची इमारत विकत घेतली. अशा खरेदीला एक वर्गणी पुरणार नाही. मोठ्या मैफलींतून नफा मिळविणाऱ्यांकडून तो अधिभार कायद्यानेच वसूल केला पाहिजे, आणि तोही पुढचे तळघर बुजण्यापूर्वी.